शिफारशीच्या शिक्क्याआड घरमालक किती सुरक्षित?

ब्रिटनमधील सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या 'नॅशनल ऑडिट ऑफिस' या स्वतंत्र यंत्रणेने ऑक्टोबर २०२५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. घरांच्या भिंतींना थंडीपासून बचाव करणारे आवरण बसवण्याच्या दोन योजनांची ही तपासणी होती. तिचे निष्कर्ष तेथील मध्यमवर्गाची झोप उडवणारे ठरले. भिंतींना बाहेरून आवरण बसवलेल्या घरांपैकी तब्बल ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावीच लागेल असे मोठे दोष असल्याचा अंदाज या अहवालाने वर्तविला. अशा घरांची संख्या २२ ते २३ हजारांच्या घरात जाते. भिंतींना आतून आवरण बसवलेल्या घरांत हे प्रमाण २९ टक्के, म्हणजे ९ ते १३ हजार घरे इतके आहे. काही घरांत तर राहणाऱ्यांच्या आरोग्याला वा जिवाला तत्काळ धोका संभवतो, असेही तपासणीत आढळले.

निकृष्ट बांधकामाच्या बातम्या कोणत्याही देशाला नव्या नाहीत. या बातमीचे वेगळेपण दुसऱ्याच गोष्टीत आहे. ही कामे करणारे कंत्राटदार रस्त्यावरून उचलून आणलेले नव्हते. सरकारमान्य 'ट्रस्टमार्क' या गुणवत्ताचिन्हाखाली नोंदणी असल्याशिवाय त्यांना या योजनांत कामच मिळत नव्हते. विश्वासार्ह कारागीर कोणता, हे सामान्य नागरिकाला ओळखता यावे म्हणून जे चिन्ह निर्माण झाले, त्याच चिन्हाच्या आडोशाने हजारो घरांच्या भिंतींत ओल आणि बुरशी शिरली. कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखा हा प्रकार आहे. त्यामुळे शिफारस केलेल्या, नोंदणीकृत किंवा पंचतारांकित कंत्राटदाराकडे काम सोपविल्याने घरमालकाला खरोखर संरक्षण मिळते काय, हा जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. इंटरनेटवरील तारांकने पाहून सुतार आणि प्लंबर निवडू लागलेल्या पुण्या-मुंबईच्या वाचकांनाही तो परका नाही.

अज्ञानाचा बाजार

घराचे काम हा एक विचित्र व्यवहार आहे. भाजी घेताना ती हातात घेऊन पाहता येते. घराचे काम मात्र पूर्ण होईपर्यंत अस्तित्वातच नसते आणि पूर्ण झाल्यावर त्याचा महत्त्वाचा भाग भिंतीत, फरशीखाली किंवा छतामागे दडलेला असतो. जलरोधक थर नीट दिला आहे की नाही, तारा योग्य जाडीच्या वापरल्या आहेत की नाही, हे कारागिराला माहीत असते. पैसे देणाऱ्याला नसते. शिवाय असे मोठे काम आयुष्यात दोन-तीनदाच निघते. त्यामुळे एका वेळच्या फसवणुकीतून आलेले शहाणपण पुढच्या वेळी उपयोगी पडेलच, याची शाश्वती नसते.

विकणाऱ्याला सारे ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू हद्दपार होतो, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून १९७० मध्ये दाखवून दिले. त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. चांगल्या-वाईटातला फरक ग्राहकाला कळत नसल्याने तो सर्वांना मध्यम दर देऊ करतो. त्या दरात चोख काम करणे प्रामाणिक कारागिराला परवडत नाही, आणि मैदानात उरतो तो काम उरकणारा. या कोंडीवर उपाय म्हणजे कोणी तरी तिसऱ्याने हमी देणे. शिफारस योजनांचा जन्म याच गरजेतून झाला.

ब्रिटनमध्ये ही गरज अधिक तीव्र आहे. तेथे गॅसजोडणीचे काम करणाऱ्याला कायद्याने नोंदणी सक्तीची आहे. पण सर्वसाधारण बांधकाम व्यावसायिक म्हणून काम करण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. व्हॅन, शिडी आणि भ्रमणध्वनी क्रमांक एवढ्या भांडवलावर कोणीही स्वतःला 'बिल्डर' म्हणवून घेऊ शकतो. अर्धवट काम टाकून पैसे घेऊन पसार होणाऱ्यांसाठी इंग्रजांनी 'काउबॉय बिल्डर' असा शब्दच रूढ केला आहे.

सरकारी चिन्ह आणि खासगी यादी

या 'काउबॉयां'ना आळा घालण्यासाठी टोनी ब्लेअर यांच्या सरकारने १९९८ मध्ये विचारविनिमय सुरू केला. त्यातून 'क्वालिटी मार्क' ही सरकारी योजना आली. चांगल्या व्यावसायिकांची कसून तपासणी करावी आणि त्यांना चिन्ह द्यावे, अशी तिची साधी कल्पना होती. परंतु ज्यांच्याकडे मुळातच कामांची रांग होती, त्यांना शुल्क भरून आणि कागदपत्रे रंगवून चिन्ह मिळविण्याची निकड वाटली नाही. पुरेसे सदस्य न मिळाल्याने ही योजना २००४ मध्ये गुंडाळावी लागली. तिच्या जागी २००५ मध्ये 'ट्रस्टमार्क'ची स्थापना झाली. नव्या रचनेत एक महत्त्वाचा बदल होता. 'ट्रस्टमार्क' स्वतः प्रत्येक कारागिराची पारख करीत नाही. व्यावसायिकांच्या संघटना आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना ते मान्यता देते, आणि त्या संस्था आपापल्या सदस्यांची पारख करतात. विश्वासाची साखळी अशा रीतीने एका कडीने लांबली.

याच सुमारास खासगी याद्याही पुढे आल्या. जानेवारी १९९८ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेल्सी या गावाला चक्रीवादळाचा तडाखा बसला. छपरे उडालेल्या घरांच्या दुरुस्तीसाठी भल्याबुऱ्या कारागिरांची रीघ लागली. त्यांतले चांगले कोण, हे गावकऱ्यांना कळावे म्हणून केव्हिन बर्न यांनी एक सूची तयार केली. तिचेच पुढे 'चेकाट्रेड' या मोठ्या संकेतस्थळात रूपांतर झाले. स्थानिक परिषदांच्या व्यापार नियंत्रण विभागांनी 'बाय विथ कॉन्फिडन्स' ही योजना चालविली. ग्राहकांच्या बाजूने लढणाऱ्या 'विच?' या संस्थेनेही २०१३ मध्ये 'ट्रस्टेड ट्रेडर्स' ही यादी सुरू केली. 'रेटेड पीपल', 'मायबिल्डर' यांसारखी संकेतस्थळे घरमालकाची मागणी कारागिरांपर्यंत पोचवतात आणि त्या माहितीचे मोल कारागिरांकडून वसूल करतात.

म्हणजे 'शिफारस' या एकाच शब्दाखाली अगदी भिन्न प्रकारच्या वस्तू विकल्या जातात. काही योजनांत परीक्षक प्रत्यक्ष भेट देऊन कामाची पद्धत पाहतो. काहींत ओळखपत्र, पत्ता, विमा आणि एक-दोन जुन्या ग्राहकांची नावे यांवर काम भागते. काही ठिकाणी तर तारांकनापलीकडे फारसे काही नसते. घरमालकाच्या डोळ्यांसमोर मात्र सगळीकडे तीच हिरवी खूण आणि तेच 'विश्वासू' हे विशेषण येते. एखाद्या खुणेमागे कोणती तपासणी झाली आहे, हे विचारण्याची तसदी फारच थोडे लोक घेतात.

पाच तारे काय सांगतात?

ग्राहकांच्या अभिप्रायांवर आधारलेली पद्धत वरकरणी लोकशाहीची वाटते. शेकडो लोकांनी चांगले म्हटले म्हणजे काम चांगलेच असणार, असा साधा हिशेब त्यामागे असतो. पण अभिप्राय लिहिला जातो कधी, हे पाहिले की या हिशेबातील त्रुटी लक्षात येते. काम संपते, नवा रंग चमकत असतो, घर झाडून-पुसून दिलेले असते आणि कारागीर नम्रपणे अभिप्रायाची विनंती करतो. तो क्षण समाधानाचा असतो. गच्चीवरचा जलरोधक थर मात्र पहिल्या मोठ्या पावसात आपले खरे रूप दाखवतो आणि भिंतीतल्या आवरणाचे दोष दोन-तीन हिवाळ्यांनंतर बुरशीच्या डागांतून बाहेर येतात. तोवर पाच तारे कायमचे कोरले गेलेले असतात. कारागीर वेळेवर आला का, नीट बोलला का, कचरा उचलला का, यांची उत्तरे अभिप्राय प्रामाणिकपणे देतात. काम टिकेल का, या प्रश्नाचे उत्तर देण्याची त्यांची पात्रताच नसते.

दुसरी त्रुटी निवडीची. ज्या ग्राहकाशी खटका उडाला, त्याला अभिप्रायाचे निमंत्रण धाडण्यात कारागिराला रस नसतो. उलट नाराज ग्राहकालाही प्रतिकूल लिहिताना धास्ती वाटते. काम अर्धवट असते, कारागिराला घराचा पत्ता ठाऊक असतो आणि राहिलेले काम त्याच्याकडूनच करून घ्यायचे असते. परिणामी बहुतेकांचे गुण वरच्या टोकाला दाटीवाटीने बसतात आणि निवडीसाठी त्यांचा उपयोग राहत नाही.

तिसरा प्रश्न सरळसरळ खोट्या अभिप्रायांचा. तो इतका बळावला, की ब्रिटनला कायदा करावा लागला. २०२४ च्या डिजिटल बाजारपेठ, स्पर्धा आणि ग्राहकविषयक कायद्यातील ग्राहक संरक्षणाच्या तरतुदी एप्रिल २०२५ पासून अमलात आल्या. त्यानुसार बनावट अभिप्राय लिहिणे, लिहवून घेणे आणि ते रोखण्यासाठी वाजवी उपाय न करता प्रसिद्ध करणे बेकायदा ठरले. स्पर्धा आणि बाजारपेठ प्राधिकरणाला अशा कंपन्यांना त्यांच्या जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड ठोठावता येतो. हे पाऊल स्वागतार्हच आहे. मात्र कायद्याने खोटा अभिप्राय थांबेल; खरा, पण घाईने लिहिलेला अभिप्राय थांबणार नाही.

पोळी कोणाची, टाळी कोणाची?

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असे आपल्याकडे म्हटले जाते. शिफारस योजनांचे सर्वांत मोठे दुखणे या म्हणीत सामावलेले आहे. सल्ला घरमालकाला मिळतो. शुल्क मात्र कारागीर भरतो. ज्याला यादीतून काढायचे, तोच यादीचा उत्पन्नाचा स्रोत असतो. योजना चालविणाऱ्यांच्या हेतूंवर शंका न घेताही हा अंतर्विरोध मान्य करावा लागतो.

अमेरिकेतील 'अँजीज लिस्ट'चा प्रवास या संदर्भात उद्बोधक आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या सूचीचे वैशिष्ट्यच असे होते, की घरमालक स्वतः वर्गणी भरून सदस्य होत आणि आपले अनुभव एकमेकांना सांगत. पैसा घेणाऱ्याचा, सल्लाही त्याच्यासाठी. पुढे कंत्राटदारांच्या जाहिरातींचे उत्पन्न वाढत गेले. जाहिरातींच्या पैशांचा सूचीतील क्रमावर परिणाम होतो, असा आरोप करीत सदस्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि तो दावा २०१६ मध्ये तडजोडीने मिटविण्यात आला. त्याच वर्षी अभिप्राय वाचण्यासाठीची सक्तीची वर्गणी रद्द झाली. २०१७ मध्ये ही सूची 'होमअॅडव्हायझर' या कंपनीबरोबर एका छत्राखाली आली. ग्राहकांच्या वर्गणीवर उभी राहिलेली संस्था वीस-बावीस वर्षांत कंत्राटदारांच्या पैशावर चालणारी बाजारपेठ झाली.

'होमअॅडव्हायझर'विरुद्ध तर अमेरिकेच्या 'फेडरल ट्रेड कमिशन'ने मार्च २०२२ मध्ये कारवाई सुरू केली. तक्रार होती ती कारागिरांच्या फसवणुकीची. काम देऊ इच्छिणाऱ्या घरमालकांची नावे म्हणून जी माहिती कंपनी विकत होती, तिच्या दर्जाविषयी आणि त्यातून प्रत्यक्ष कामे मिळण्याच्या प्रमाणाविषयी तिने दिशाभूल केल्याचा आरोप आयोगाने ठेवला. २०२३ मध्ये कंपनीला ७२ लाख डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे मान्य करावे लागले. म्हणजे या व्यवहारात कारागीरही नेहमी लाभात असतो असे नाही. नावे विकत घेण्याचा खर्च तो पदरचा सोसत नाही. तो घरमालकाच्या अंदाजपत्रकात चढतो किंवा कामाच्या दर्जातून उतरतो.

चिन्ह होते, पहारा नव्हता

खासगी याद्यांना नफ्याचा मोह असतो, म्हणून सरकारमान्य चिन्ह बरे, असा युक्तिवाद होऊ शकतो. भिंतींच्या आवरणाच्या प्रकरणाने त्यालाही तडा दिला. विशेष म्हणजे हा धडा ब्रिटनला यापूर्वीच मिळाला होता. प्रेस्टन शहरातील फिशविक भागात २०१३ च्या सुमारास अशाच योजनेतून काही शे घरांवर बाहेरून आवरण बसविण्यात आले. ते इतके सदोष होते, की पाणी आत शिरून घरे ओलीने ग्रासली. पुढे पीटर बॉनफिल्ड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला. ग्राहकाला ओळखता येईल असे एकच गुणवत्ताचिन्ह, कारागिरांसाठी आचारसंहिता आणि कामासाठी ठोस मानके असा उपाय तिने सुचविला. ते चिन्ह म्हणून 'ट्रस्टमार्क'ची निवड झाली.

त्यानंतर दोन टोकांचे अनुभव आले. २०२० मध्ये इंग्लंडसाठी दीड अब्ज पौंडांची 'ग्रीन होम्स ग्रँट' योजना जाहीर झाली. तिच्यात मान्यताप्राप्त कंत्राटदारच काम करू शकत होते आणि तसे कंत्राटदार पुरेसे नव्हते. सहा लाख घरांचे लक्ष्य असलेली ही योजना मार्च २०२१ मध्येच बंद झाली. तिच्यातून जेमतेम ४७,५०० घरांचे काम होईल, असा ऑडिट ऑफिसचा अंदाज होता. नंतरच्या योजनांत, म्हणजे २०२२ पासूनच्या 'इको-४' आणि तिच्या जोडीने आलेल्या 'ग्रेट ब्रिटिश इन्शुलेशन स्कीम'मध्ये कामांचा वेग वाढला. पण दर्जा ढासळला. चाळण बारीक केली तर कारागीर मिळत नाहीत आणि मोठी केली तर कोणीही आत येतो, हा पेच कोणत्याही गुणवत्ताचिन्हाला चुकत नाही.

ऑडिट ऑफिसने या अपयशाची जी कारणे दिली, ती मुळातून समजून घेण्याजोगी आहेत. नोंदणी असलेल्या कंपन्यांनी प्रत्यक्ष काम उपकंत्राटदारांकडे आणि पुरेसे कौशल्य नसलेल्या मजुरांकडे सोपविले. कोणत्या कामाला कोणते मानक लागू, याविषयी संदिग्धता होती. काही कंपन्यांनी सरळ हातचलाखी केली. ५,६०० ते १६,५०० घरांच्या बाबतीत खोटे दावे झाले असावेत, आणि त्यांची रक्कम ५ कोटी ६० लाख ते १६ कोटी ५० लाख पौंड असावी, असा ऊर्जा नियामकाचा अंदाज या अहवालात नमूद आहे. देखरेखीची जबाबदारी मंत्रालय, नियामक, 'ट्रस्टमार्क' आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांच्यात इतकी वाटली गेली होती, की एकूण चित्र वेळेवर कोणालाच दिसले नाही. जानेवारी २०२५ मध्ये ३९ कंपन्यांना निलंबित करण्यात आले, तोवर हजारो भिंती बिघडून गेल्या होत्या. दुरुस्तीचा भार घरमालकांवर पडणार नाही, काम करणाऱ्या कंपनीनेच ते निस्तरावे, अशी सरकारची भूमिका आहे. नोव्हेंबर २०२५ मधील अर्थसंकल्पात 'इको' योजना पुढे न चालविण्याचा निर्णयही जाहीर झाला. पण वरातीमागून आलेल्या या घोड्यांनी ओल्या भिंतीआड काढलेले हिवाळे परत मिळत नाहीत.

या साऱ्याचा अर्थ एका वाक्यात सांगायचा, तर चिन्ह कंपनीला मिळते आणि काम माणूस करतो. तपासणी होते ती कार्यालयातील कागदांची. शिडीवर चढतो तो उपकंत्राटदाराचा उपकंत्राटदार. नोंदणीच्या दिवशी पात्र असलेली कंपनी दोनशेव्या कामाच्या दिवशीही तशीच राहील, असे गृहीत धरल्याने हा घात झाला.

मग या योजना निरुपयोगी काय?

तसा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. नाव बदलून गावोगाव फिरणाऱ्या भामट्याला पत्ता, ओळख आणि विमा यांची साधी तपासणीही अडचणीची ठरते. यादीतील स्थान ज्याच्या उत्पन्नाचा आधार आहे, तो तक्रार आल्यास निदान दूरध्वनी तरी उचलतो. काही योजनांत तक्रारनिवारणाची सोय असते, तर काही ठरावीक रकमेपर्यंत स्वतःची हमीही देतात. अनोळखी शहरात राहायला गेलेल्या कुटुंबाला शून्यापेक्षा हे निश्चितच बरे. अडचण सुरू होते ती या चाळणीला ढाल समजल्यावर. शिफारस पाहून घरमालक करारनामा करीत नाही, निम्म्याहून अधिक रक्कम आगाऊ देतो, मधल्या टप्प्यांवर काम पाहत नाही. खोट्या सुरक्षिततेची ही भावना कधीकधी शिफारस नसण्यापेक्षा महाग पडते.

खरे संरक्षण कसे असते, याची उदाहरणे आहेत. ब्रिटनमध्येच गॅसच्या कामासाठी २००९ पासून 'गॅस सेफ रजिस्टर' आहे. त्यात नाव नसताना गॅसचे काम करणे हा गुन्हा आहे. शिवाय नोंद कंपनीपुरती थांबत नाही. प्रत्येक कारागिराजवळ छायाचित्रासह ओळखपत्र असते आणि तो कोणत्या प्रकारचे काम करण्यास पात्र आहे, हे त्यावर नमूद असते. दारात उभ्या असलेल्या माणसाचीच खातरजमा करता येते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने कंत्राटदारांसाठी परवाना मंडळ १९२९ मध्येच स्थापन केले. तेथे १ हजार डॉलर वा त्याहून मोठ्या कामाला परवाना लागतो, कंत्राटदाराला २५ हजार डॉलरचे हमीपत्र द्यावे लागते, आणि घराच्या कामाची आगाऊ रक्कम एकूण किमतीच्या १० टक्के किंवा १ हजार डॉलर, यांपैकी जी कमी असेल तिच्याहून अधिक मागता येत नाही. तेथेही फसवणूक संपलेली नाही. परंतु फसवणुकीची किंमत कोणी मोजायची, हे आधीच ठरलेले आहे.

याउलट तारांकनाच्या पाठीशी पैसा नसतो. म्हणूनच ब्रिटनमधील जाणकार ग्राहकाचा भरवसा यादीपेक्षा कायद्यावर असतो. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सेवा वाजवी काळजी व कौशल्याने देणे बंधनकारक आहे आणि काम सदोष असल्यास ते पुन्हा करून मागता येते. १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार १०० पौंडांहून अधिक आणि ३० हजार पौंडांपर्यंतच्या खरेदीचे पैसे क्रेडिट कार्डाने दिल्यास विक्रेत्याइतकीच जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेवरही येते. कंत्राटदार पळाला तरी बँक पळत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे हे एक कलम अनेक चकचकीत चिन्हांपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

आपल्या भिंतींचे काय?

महाराष्ट्रातील शहरी घरमालकाची स्थिती यापेक्षा फार निराळी नाही. बिल्डरच्या बाबतीत त्याला कायद्याचा आधार आहे. स्थावर संपदा कायद्याच्या १४ व्या कलमानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष दाखवून दिल्यास बिल्डरने ३० दिवसांच्या आत तो विनामूल्य दूर करणे अपेक्षित आहे. परंतु ताबा मिळाल्यावर त्याच घरात स्वयंपाकघराचे नूतनीकरण करणारा, न्हाणीघराच्या फरश्या बदलणारा किंवा छताला पीओपी करणारा कंत्राटदार 'महारेरा'च्या कक्षेत येत नाही. त्याची निवड होते ती शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावरून किंवा अॅपवरील ताऱ्यांवरून. पूर्वी शेजाऱ्याच्या शिफारशीत एक गुण होता. शेजाऱ्याच्या घरातली तीन पावसाळे जुनी भिंत प्रत्यक्ष जाऊन पाहता येत असे. मोबाइलवरील तारांकनात ती सोय नाही.

भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानक प्रसिद्ध केले. पण त्याचा स्वीकार ऐच्छिक ठेवण्यात आला. न्यायाचा मार्ग मात्र खुला आहे. घरबांधणी ही 'सेवा' असल्याचे १९९३ मध्येच कायद्याने आणि सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सदोष सेवेची दाद मागता येते आणि दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पण तक्रार टिकायची, तर कामाचा तपशील लेखी हवा, पावत्या हव्यात, छायाचित्रे हवीत. रोखीने आणि तोंडी झालेल्या व्यवहारात कंत्राटदाराला किती तारे होते, याला आयोगासमोर अर्थ उरत नाही.

या बाबतीत महाराष्ट्राकडे स्वतःचा असा एक वारसाही आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने ग्राहकांना संघटित करून एकत्रित खरेदीचा प्रयोग रुजविला. माल पारखणारा घेणाऱ्यांच्या बाजूचा असावा, विकणाऱ्याच्या पैशावर पोसलेला नसावा, हे त्यामागील तत्त्व शिफारस योजनांच्या मुळावरच बोट ठेवते. एखाद्या गृहनिर्माण सोसायटीने आपल्या इमारतीत काम केलेल्या कंत्राटदारांची नोंदवही ठेवली, त्यात काम संपल्याच्या दिवशीचा नव्हे, तर दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव लिहिला, तर ती कोणत्याही अॅपपेक्षा भरवशाची ठरेल. त्यासाठी शुल्क लागत नाही, चिकाटी लागते.

तोवर काही साध्या गोष्टी घरमालकाच्या हातात आहेत. शिफारशीमागे कोणती तपासणी झाली आणि तिचे पैसे कोणी दिले, हे विचारावे. प्रत्यक्ष काम करणारी माणसे कोणाची, हे करारात लिहून घ्यावे. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत आणि शेवटचा हप्ता काम पाहून, शक्य तर एक पाऊस गेल्यावर द्यावा. भिंतीत झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी पाहावे व त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. यात नवे काहीच नाही. वाडवडील गवंड्याशी व्यवहार करताना हीच सावधगिरी बाळगत आले आहेत.

ब्रिटनमधील हजारो कुटुंबांनी सरकारमान्य चिन्हावर विसंबून ही सावधगिरी सोडली, त्यात त्यांचा दोष थोडाच होता. चिन्ह देणाऱ्यांनी ती त्यांच्या वतीने घ्यायला हवी होती. शिफारस दार उघडण्यापुरती उपयोगी असते. आत आलेला माणूस भिंतीत काय भरतो, हे पाहण्याची आणि चुकल्यास भरपाई करण्याची जबाबदारी कोणावर, हे कायद्याने ठरत नाही, तोपर्यंत घरमालकाचे संरक्षण त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवर आणि हाती राखून ठेवलेल्या शेवटच्या हप्त्यावरच अवलंबून राहणार आहे.